अठरा हजार श्लोक आणि एक पुस्तक

पंडिता रमाबाई हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातले एक चित्र उभे राहते. पांढरे लुगडे, आखूड कापलेले केस, करारी चेहरा. मग चार गोष्टी आठवतात: संस्कृतचे पांडित्य, शारदा सदन, विधवांचे शिक्षण आणि धर्मांतर. या शेवटच्या शब्दाशी आपण जरा अडखळतो. कोणी त्या शब्दामुळे रमाबाईंना बाद करतात, तर कोणी तो शब्द हलक्या हाताने बाजूला सारून त्यांचा गौरव करतात. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पण पाकिटावर चिकटवण्याइतके सोपे हे आयुष्य नव्हते.

मला त्यांच्या आयुष्यातला जो प्रश्न सतत खुणावत राहिला आहे, तो या दोन्ही बाजूंच्या वादात हरवून जातो. ज्या पुस्तकासाठी रमाबाईंनी आपली माणसे दुरावून घेतली, ते पुस्तक त्या वाचत तरी कसे होत्या? वाचता वाचता त्यांच्या मनाचे काय झाले? श्रद्धावान माणूस धर्मग्रंथ उघडतो तो आपले विचार देवाच्या विचारांशी जुळावेत म्हणून. हे बोलायला सोपे आहे. पण ज्या बाईने आयुष्यात कोणाचेही म्हणणे तपासल्याशिवाय मानले नाही, तिने हे जुळवणे कसे केले असेल?

उत्तर शोधायचे तर फार मागे, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात जावे लागते. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. बायकोला संस्कृत शिकवायचे त्यांनी ठरवले, त्यावर गहजब झाला, तेव्हा ते बायकोला घेऊन रानात जाऊन राहिले आणि तिथेच त्यांनी पाठशाळा थाटली. रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब ते घरही सोडून तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात निजलेली ती तान्ही मुलगी नोकराच्या डोक्यावरून डोंगर उतरली. त्यानंतर पुढची कित्येक वर्षे तिला घर असे नव्हतेच.

हे कुटुंब पुराणिकाच्या वृत्तीवर जगले. देवळाच्या मंडपात, झाडाच्या पारावर किंवा नदीच्या घाटावर बसायचे आणि पुराण मोठ्याने, सुरात वाचायचे. येणारे-जाणारे लोक नमस्कार करीत, पोथीपुढे फळे, धान्य, पैसे ठेवीत आणि पुण्य घेऊन पुढे जात. रमाची आई लक्ष्मीबाई पहाटे अंधारातच लेकीला उठवून पाठ देई. दिवसभर कामाचा रगाडा असायचा, मग शिकवायला तेवढीच वेळ उरे. बारा वर्षांच्या आत-बाहेर असताना या मुलीला अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते असे सांगतात. भागवताची श्लोकसंख्याही परंपरेने अठरा हजारच मानली जाते.

१९०७ मध्ये रमाबाईंनी आपली ‘साक्ष’ इंग्रजीत लिहिली. तीत या पुराणवाचनाविषयी एक गोष्ट त्या थोड्या खिन्नपणे नोंदवतात. पुराण संस्कृतात असे, ते ऐकणाऱ्याला कळत नसे आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसे. अर्थ सांगण्याचे बंधन पुराणिकावर नव्हते. कानावर शब्द पडले की पुण्य लागले, एवढा तो व्यवहार होता.

माझ्यासारख्या अनेकांच्या घरी श्रावणात पोथी लागायची. आजीचा तो एकसुरी आवाज, समईचा उजेड आणि शेवटी हातावर पडणारी खडीसाखर. अर्थ किती कळायचा हे विचारू नका, पण त्या आवाजाने घर शांत व्हायचे हे खरे. म्हणून अर्थावाचून म्हटलेल्या शब्दाला माझ्याच्याने तुच्छ लेखवत नाही. परंतु रमाबाईंच्या वाट्याला या व्यवहाराची फार कडू बाजू आली. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे सगळे द्रव्य दानधर्मात आणि व्रतांत संपलेले होते. शारीरिक कष्टांची सवय कोणालाच नव्हती. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. जगातले उत्तमोत्तम श्लोक जिभेवर आणि पोटात अन्न नाही, अशा अवस्थेत ही भावंडे पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली.

कलकत्त्याने त्यांना डोक्यावर घेतले. पंडितांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती ठेवली. धर्मशास्त्रांचे वाचन त्यांनी याच काळात केले आणि त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. बाकी प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना हलके ठरवण्यात मात्र एकमताने बोलतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो कोणाला पटेल, कोणाला खटकेल. पण त्यातून रमाबाईंची वाचनाची पद्धत दिसते. त्या आता ग्रंथाला विचारू लागल्या होत्या की, यात माझ्यासाठी काय आहे?

याच कलकत्त्यात त्यांच्या हाती बायबल पहिल्यांदा आले, आणि तेही संस्कृत भाषांतर. संस्कृत तर त्यांची घरची भाषा! तरीही त्यांना त्यातले काही उमगेना. ती संस्कृत त्यांच्या ओळखीच्या वाङ्मयाची नव्हती, आतली शिकवणही परकी वाटत होती. हे वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे त्यांनी ठरवून टाकले. पण ते पुस्तक काही त्यांनी टाकून दिले नाही. पुढच्या सगळ्या वणवणीत ते त्यांच्याजवळ राहिले.

पुढची चार वर्षे वादळासारखी गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास ढाक्यात वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्या आसामात सिल्चरला राहायला गेल्या. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली. तिथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली प्रत सापडली. ती त्यांनी कुतूहलाने वाचली. एका बाप्तिस्त मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगितला. बिपिनबाबू मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबल जाणणारे; पण बायकोने ख्रिस्ती व्हावे हे त्यांना मुळीच रुचणारे नव्हते. तो प्रश्न उभाच राहिला नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने त्यांचा बळी घेतला. चोविसाव्या वर्षी, कडेवर मूल घेऊन, रमाबाई पुण्याला आल्या.

पुण्यात आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आणि हंटर आयोगापुढची साक्ष हे सारे एका वर्षात घडले. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या एक मिशनरी बाई त्यांच्याबरोबर मराठी नवा करारही वाचत. नेहेम्या गोऱ्हे या धर्मांतरित शास्त्रीबुवांशी त्यांच्या चर्चा होत. १८८३ मध्ये वैद्यक शिकायचे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे वैद्यकाचा बेत मात्र तिथेच खुंटला.

या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले होते. रमाबाई तिथे काही दिवस राहिल्या आणि चकित झाल्या. ज्या बायकांना आपल्याकडे दारातही उभे करीत नसत, त्यांच्याशी इथे मायेने वागत होते. हे कशामुळे, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. तिने काही तत्त्वज्ञान सांगितले नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढला आणि वाचून दाखवला.

गोष्ट साधी आहे. भर दुपारी येशू विहिरीपाशी बसला आहे. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने विटाळलेली जात. त्यात बाई, आणि तिच्या संसाराची कथाही धड नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि खरी उपासना कशाला म्हणतात, हा आपला गहन विचार तिला सांगतो. ना डोंगर, ना मंदिर; उपासना मनाने आणि सत्याने व्हावी लागते. आता हे ऐकणाऱ्या रमाबाईंना डोळ्यांपुढे आणा. ज्या मुलीने देशभरच्या तीर्थांची पायपीट केली, आणि सगळ्यांत गहन ज्ञान बाईला सांगायचेच नसते हे ऐकत जी वाढली, तिला ही विहीर किती ओळखीची वाटली असेल! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे चरित्र संपले असते तर ती एक सरळ धर्मांतराची कथा झाली असती. खरी गंमत यापुढे आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या या शिष्येने आपल्या गुरुभगिनींना अक्षरशः सळो की पळो करून सोडले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तो वाचताना मला अनेकदा हसू आले आणि अनेकदा मान लवली. त्रैक्याचा सिद्धांत मी केवळ चर्च सांगते म्हणून का मानू? बिशपांचा अधिकार कुठून आला? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत काय वाईट? ब्राह्मणांचे जू मोठ्या कष्टाने उतरवलेली ही बाई दुसऱ्या कोणाचे जू मानेवर घ्यायला तयार नव्हती. भगिनींना यात अहंकार दिसला. रमाबाईंना ती विवेकाची जबाबदारी वाटली. ज्याच्या आधारे तुम्ही मला शिकवता ते पुस्तक माझ्याही हातात आहे, मग ते मलाच वाचू द्या, असा त्यांचा रोख होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे आपले गाजलेले इंग्रजी पुस्तक लिहिले आणि बॉस्टनमध्ये निधी उभारून त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे.

बाहेरून पाहता रमाबाई यशाच्या शिखरावर होत्या. आतून मात्र त्या अस्वस्थ होत होत्या. ‘साक्ष’मध्ये त्यांनी याचे फार प्रांजळ वर्णन केले आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलाच नाही. आणि यात कोणाचा दोष नव्हता. उघडे बायबल समोर असताना आपण बायबलाविषयीची पुस्तके वाचत बसलो, निरनिराळ्या पंथांचे सिद्धांत तोलत बसलो, असे त्या म्हणतात. मग त्यांनी ती बाकीची पुस्तके मिटली आणि नुसते बायबल रोज, नेमाने वाचायला घेतले.

वाटेल की लगेच शांती लाभली असेल. झाले उलटेच. सुमारे दोन वर्षे असे वाचल्यावर त्या अधिकच दुःखी झाल्या. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आजवर त्या ग्रंथाची परीक्षा घेत होत्या, आता ग्रंथ त्यांची परीक्षा घेऊ लागला होता. आपल्या पुण्याईने, विद्वत्तेने, चांगल्या कामाने आपण देवापुढे उभे राहू ही समजूत गळून पडत होती. त्याच दिवसांत हॅसलम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे धर्मोपदेश करूनही आपणच आतून कोरडे आहोत, हे उमगलेला तो माणूस. त्यात रमाबाईंना स्वतःचा चेहरा दिसला. मग त्यांनी झुंज सोडली आणि जशा होत्या तशा त्या देवाच्या स्वाधीन झाल्या.

ख्रिस्ती परंपरेत या मननाचा विचार फार जुना आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात पंचावन्नाव्या अध्यायात देवाचे विचार आणि माणसाचे विचार यांच्यातले अंतर आकाश आणि पृथ्वी यांच्याएवढे सांगितले आहे. स्तोत्रसंहितेच्या आरंभीच रात्रंदिवस देवाच्या वचनाचे मनन करणाऱ्या माणसाला पाण्याकाठच्या झाडाची उपमा दिली आहे. तिथे मनन करण्यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. पुटपुटणे, ओठांतल्या ओठांत घोळवणे. पारव्याच्या घुमण्यालाही तेच क्रियापद, आणि भक्ष्यावर पंजा ठेवून गुरगुरणाऱ्या सिंहालाही तेच. पोथी वाचत वाढलेल्या मुलीला हे पुटपुटणे काही नवे नव्हते. आपल्याकडेही श्रवण, मनन, निदिध्यासन अशी पायरी सांगितलीच आहे. रमाबाईंनी पाठांतराची सवय टाकली नाही. तिच्यात राहून गेलेला अर्थ त्यांनी भरून घेतला.

पण आपले विचार देवाच्या विचारांशी जुळवण्यात एक मोठा धोका असतो आणि तो प्रत्येक धर्मात आहे. माणूस हळूच उलटे करतो. आपलेच विचार देवाच्या नावावर खपवतो. मग त्याला कोणी आवरू शकत नाही. या धोक्यापासून रमाबाई वाचल्या का? तटस्थपणे सांगायचे तर, याविषयी दुमत होण्यास जागा आहे. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या आणि रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेला काही मुली जाऊन बसत. आपण कोणाला बोलावत नाही, पण प्रार्थनेच्या खोलीचे दारही बंद करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची तक्रार निराधार नव्हती. दार बंद न करण्याची किंमत रमाबाईंना माहीत होती आणि त्यांनी ती मोजली, हेही तितकेच खरे. पुढच्या काळात त्यांची श्रद्धा अधिक कडवी झाली, सार्वजनिक वादचर्चेतून त्या दूर गेल्या, हा आक्षेपही अभ्यासक घेतात.

माझ्या मते त्यांच्या मननाची कसोटी या वादात लागत नाही. ती केडगावच्या माळावर लागते. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळले तेव्हा स्वतःच्या आईबापांचे भुकेने झालेले हाल त्यांच्या डोळ्यांसमोर आले असतील. त्या उठल्या, गेल्या आणि शेकड्यांनी मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तेव्हा सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगावच्या शेतात त्यांनी झोपड्या बांधल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती, छापखाना अशी सगळी कामे बायकाच करीत. अंध मुलींसाठीही तिथे सोय होती. आणि तिथेच एक ‘कृपा सदन’ उभे राहिले, फसवल्या गेलेल्या, घरादाराने टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅमला ऐकलेली विहिरीपाशीची ती गोष्ट पंधराएक वर्षांनी पुणे जिल्ह्यात विटा-मातीची झाली होती. वाचलेले वचन मनात मुरले की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

याच माळावर त्यांनी आयुष्यातले सर्वांत लांबलेले काम हाती घेतले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता, पुढे मुंबईतही भाषांतरे झाली. पण ती भाषा मुक्तीतल्या बायकांना जड जाई. दुष्काळातून आलेली, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली मुलगी त्या संस्कृतप्रचुर वाक्यांपुढे थबके. शिवाय रमाबाईंना दुसरीही अडचण दिसत होती. संस्कृत शब्द रिकामे येत नाहीत, शेकडो वर्षांच्या तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर घेऊन येतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! म्हणून १९०४-०५ च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिशीच्या आसपास, त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा आधार घेऊन संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचे ठरवले. त्यासाठी त्या या दोन्ही भाषा शिकल्या. ऐकू येणे कमी कमी होत होते, दोन हजार माणसांच्या जेवणाची विवंचना डोक्यावर होती, आणि ही बाई एकेका शब्दापाशी थांबत होती. एक ना दोन, जवळजवळ अठरा वर्षे.

१९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. तासन् तास प्रार्थना, अश्रू, पापांची कबुली. तिच्या बातम्या देशोदेशी गेल्या. लोकांना अशा लाटा लक्षात राहतात. मला मात्र त्याच सुमारास सुरू झालेले ते शब्दाशब्दाचे मुके काम अधिक मोठे वाटते. भाषांतर करणाऱ्याला वाचकासारखी पळवाट नसते. न पटणारे वाक्य गाळता येत नाही, आवडते वाक्य फुगवता येत नाही. समोरचा शब्द जे म्हणतो तेच म्हणावे लागते, आपल्याला काय म्हणायचे आहे ते बाजूला ठेवावे लागते. आपले विचार देवाच्या नावावर खपवण्याच्या त्या धोक्यावर यापेक्षा कडक पथ्य कोणते असेल? कोणाचेही जू न मानणाऱ्या रमाबाईंनी हे एकच जू आपणहून मानेवर घेतले, आणि ते घेताना बुद्धी गहाण ठेवली नाही. उलट सगळी विद्वत्ता, सगळे व्याकरण, आईने पहाटे दिलेले ते सगळे पाठ त्यांनी त्याला जुंपले.

आणखी एक गोष्ट. ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या या विदुषीला डौलदार मराठी लिहिता येत नव्हती असे मुळीच नाही. १८८९ चे त्यांचे अमेरिकेचे प्रवासवृत्त वाचून पाहा. तरी या कामात त्यांनी आपली शैली खाली ठेवली. मुळाशी इमान राखण्याच्या नादात त्यांचे भाषांतर काही जागी ओबडधोबड झाले आहे. चर्चच्या उपासनेत ते सर्वत्र रुजलेही नाही. पण ज्या मुलीने अर्थ न कळणाऱ्या श्रोत्यांपुढे पुराण वाचले होते, ती म्हातारपणी अर्थ कळावा म्हणून स्वतःची भाषा साधी करत बसली होती, हे विसरता येत नाही.

अखेरची वर्षे कठीण गेली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची लेक, सगळ्या कामाची वारस. वेताच्या पेटाऱ्यापासून ज्यांनी माणसे गमावण्याशिवाय दुसरे फारसे पाहिले नव्हते, त्या बाईंपाशी आता रक्ताचे कोणी उरले नाही. उरले होते भाषांतराचे शेवटचे काम. त्या पुन्हा टेबलापाशी जाऊन बसल्या. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता.

आज केडगावला मुक्ती मिशनचे काम चालू आहे. आपण कोणत्या धर्माचे आहोत आणि आपल्या घरात कोणता ग्रंथ उघडला जातो, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ज्ञानेश्वरी असो, कुराण असो, धम्मपद असो की बायबल; रमाबाईंनी केलेली विचारणा प्रत्येक वाचकाला लागू आहे. मी हे म्हणतो, पण मला ते कळते का? कळते, तर ते मला कधी अडवते का? ज्या ग्रंथाने आपल्याला कधीच नको म्हटले नाही, तो आपण अजून वाचायचाच आहे, असे त्यांचे आयुष्य मला तरी सांगते.

रमाबाईंचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्यांनी ते छापलेले पाहिले नाही. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकांपैकी कितीजणी दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या होत्या. त्यांना पहिले अक्षर याच अंगणात गिरवायला मिळाले होते. आता हातातल्या खिळ्यांवरचा मजकूर त्या उलटा, एकेक अक्षर करीत वाचत होत्या, आणि तो त्यांना समजत होता.